पाटा टाकला, वरवंटा नेला

मंडळी, महाडातली भाड्याची खोली आज ताब्यात आली. पोलादपूरला गेलेल्या आधीच्या बिऱ्हाडानं फुटका माठ, केरसुणी आणि मोरीशेजारी भला थोरला पाटा मागे टाकलेला. वरवंटा मात्र नेलेला!

मी घरमालकीणबाईंना थट्टेनं विचारलं, "काकू, अर्धाच संसार नेण्याचं हे कुठलं शास्त्र?"

काकू हसल्या नाहीत. "बारशाला त्याच वरवंट्याला कुंची घालून पोरीशेजारी पाळण्यात निजवलेलं. पोर काय जगली नाय हो. निघताना आईनं तो पदरात घेतलान, कोणाला हात लावू दिलान नाय."

बायकोनं हे ऐकलेलं नाही. पाटा झकास आहे म्हणत ती नवा वरवंटा आणायला बाजारात गेली आहे.

तिला सांगू, की चटणी वाटू देऊ?