खांद्याचे पट्टे

भूत, आत्मा, सिक्स्थ सेन्स... यातल्या कशाशीही माझा काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. "सर, ते आपोआप झालं" हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकतो आणि रोज खोटं ठरवतो. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवही आजवर जेवताना करमणूक म्हणूनच वाचत आलो. आज स्वतः लिहायला बसलोय, तर जरा अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

माझी बायको अश्विनी ड्रॅग रेसिंग करते. म्हणजे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो, आणि चारशे मीटर सरळ रेषेत जो आधी पोचेल तो जिंकतो. ती वारज्याची. माझे सासरे आप्पा तिथले मूळचे. शेत होतं तिथे आता सोसायट्या आहेत, आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांचं गॅरेज. ते आता अश्विनी चालवते. रेसची गाडी तिने स्वतः बांधली आहे. जुनी सेडान घेतली, ड्रायव्हरची सोडून आतल्या सीटा काढल्या आणि पाइपांचा पिंजरा वेल्डिंग करून बसवला. गाडी पलटली तरी टप चेपू नये म्हणून तो पिंजरा. नेहमीचा सीटबेल्ट काढून तिने रेसिंगचा पट्टा लावला. तो दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून येऊन पोटावर एका बकलमध्ये अडकतो. पहिल्याच इव्हेंटला एक जण हसला होता, "मॅडम, रेसला आलात की अंतराळात निघालात?" अश्विनी म्हणाली, "दोन्हीकडून परत यायचं असतं."

तर माझं काम पट्टे आवळणं. खांद्याचे पट्टे बसल्या बसल्या स्वतः पुरेसे आवळता येत नाहीत. मी दारातून वाकतो, सीटच्या कडेला गुडघा टेकवतो, आधी डावा ओढतो, मग उजवा. शेवटी हेल्मेटवर दोन टिचक्या. मग दार लावून खिडकीची जाळी अडकवायची, म्हणजे गाडी उलटली तर हात बाहेर जात नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्यापासून दोनेक तासांवरच्या एका खासगी धावपट्टीवर इव्हेंट होता. दुपारची वेळ. मी पट्टे आवळले, जाळी लावली आणि पलीकडच्या टोकाला निघून गेलो, कारण रन झाली की तिथून गाडी ओढून आणायची होती. मी गेल्यावर पुढच्या गाडीचं ऑइल ट्रॅकवर सांडलं. पुसापुशी सुरू झाली. अश्विनी रांगेत, अंगात जाड सूट, डोक्यात हेल्मेट, गाडीची भट्टी झालेली. तिने श्वास घ्यायला म्हणून खांद्याचे पट्टे सैल केले. मला अर्थातच यातलं काहीच माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने मार्शलने, म्हणजे ट्रॅकवर गाड्या सोडणाऱ्या माणसाने, तिला स्टार्ट लाइनवर बोलावलं.

त्या क्षणी मी काय करत होतो हे मुद्दाम सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. मला धडधडलं वगैरे काहीही नाही. मी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरशेजारी उभा राहून वडापाव खात होतो.

तिची रन सुरेख झाली. शेजारच्या गाडीला तिने मागे टाकलं, फिनिश लाइन ओलांडली, ब्रेक लावला आणि पुढचं डावं टायर फुटलं. गाडी वळली, कडेच्या मातीत रुतली आणि पलटली. एकदा, दोनदा... आणि चाकं आभाळाकडे करून थांबली. नुसती धूळ.

मी धावलो. आमच्या टोकाच्या मार्शलने मला कमरेला विळखा घालून धरलं, म्हणून मी फायरवाल्यांच्या मागेच राहिलो. तेवढ्यात त्या उलट्या गाडीतून आवाज आला. ओरडणं नव्हे. गॅरेजमधल्या पोरांना सूचना देते ना, अगदी तो आवाज.

"इंजिन बंद आहे, मेन स्विचपण बंद केलाय. बकल कुणी सोडू नका! आधी मला खालून धरा, नाहीतर मानेवर पडेन."

उलटी लटकलेली माझी बायको आपल्या सुटकेचं काम स्वतः चालवत होती. मी रडत होतो, पण खरं सांगतो, छाती फुगली होती माझी.

ॲम्ब्युलन्समध्ये तिने माझा हात धरला. "बरं झालं तू परत आलास."

"कुठे?"

"लाइनवर. पट्टे सैल होते माझे, साफ विसरले होते मी. तू येऊन ओढलेस म्हणून."

"अशू, मी इकडच्या टोकाला होतो गं."

"गुडघा टेकवलास ना सीटला? टिचक्या मारल्यास..."

डोक्याला मार लागलाय असंच मला वाटलं. पण पुण्यात स्कॅन केला, तो नॉर्मल आला. दोन्ही खांद्यांवर मात्र पट्ट्यांएवढे रुंद, काळेनिळे वळ होते. डॉक्टर ते बघून म्हणाले, "अहो, हे पट्टे ढिले असते तर आज आपण वेगळ्या विषयावर बोललो असतो."

गाडीत कॅमेरा असतो, ड्रायव्हरकडे तोंड केलेला. दुसऱ्या दिवशी वारज्याला आप्पांच्या घरी आम्ही तिघांनी ते रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं.

अश्विनी पट्टे सैल करते. रांगेत थांबते. मार्शल खुणावतो, ती गाडी लाइनवर आणते. मग ती स्टिअरिंगवरून दोन्ही हात काढते, कोपरं वर करते आणि हनुवटी उचलते. मी पट्टे ओढताना ती नेहमी असंच करते. खिडकीची जाळी लागलेली. बाहेर कुणी नाही.

डाव्या पट्ट्याचं लोंबतं टोक ताठ होतं. खाली ओढलं जातं. मग उजवं.

"बास, बास," ती हसून म्हणते. "श्वास तरी घेऊ दे." हेल्मेट किंचित हलतं, दोनदा.

तेवढ्यात हिरवा दिवा.

मी तो भाग परत लावला. परत. चौथ्यांदा लावणार तेवढ्यात आप्पांनी रिमोट काढून घेतला.

"जावईबापू, कोण आलतं ते कळंल तवा कळंल. पुढचं बघा की. गाडी पलटी खातीया, आन् पोरीचा हात मेन स्विचवर हाय. कुणी शिकवलं हे हिला?"

"तुम्हीच, आप्पा," अश्विनी म्हणाली.

"मी नाय. मी असतो तर बोंबललो असतो." आणि ते डोळे पुसत अंगणात गेले.

मी माझ्या स्वभावाला जागलो. तशाच सीटवर बसून, तोच पट्टा लावून आठवडाभर प्रयोग केले. हादरे दिले, टोकाला वजन बांधलं. वजनाने पट्टा नुसता लोंबला, आवळला नाही. लाइनवरच्या मार्शलला विचारलं, तो म्हणाला गाडीपाशी कुणीही आलं नव्हतं. एडिटिंग करणाऱ्या मित्राला रेकॉर्डिंग दाखवलं, त्यात काही जोडतोड नाही. ऑफिसात मी अशी केस 'पुन्हा घडवता आली नाही' म्हणून बंद करतो. ही बंद होत नाही.

अश्विनीने मात्र यात वेळ घालवला नाही. तिने आयोजकांच्या मागे लागून नियम करून घेतला. गाडी लाइनवर गेली की दार उघडून पट्टे पुन्हा तपासल्याशिवाय दिवा लावायचा नाही. आता सगळे तपासतात, तो हसणारासुद्धा. नवीन मुलामुलींना ती उलट्या गाडीतून बाहेर कसं यायचं ते शिकवते, आमच्याच गॅरेजमध्ये, एका भंगारातल्या गाडीला उलटं टांगून. आप्पा खाली उभे राहून एकेकाला धरतात.

या वर्षी ती पुन्हा उतरली. मी लाइनवर उभा होतो. गुडघा टेकवला, डावा ओढला, उजवा ओढला, सगळा जोर लावून. तिने खांदे हलवून बघितले.

"अजून," ती म्हणाली. "त्या दिवशी यापेक्षा घट्ट होते."

माझ्यात याहून जास्त जोर नव्हता. तो त्या दिवशी कुणाच्या हातात होता, मला आजही सांगता येत नाही.