रायाजीला खाली कोण आणणार?

धुळवडीची दुपार. केतकीचे डोळे मिटतात न मिटतात, तोच रस्त्यावरचा ताशा लांब लांब जातो. स्वयंपाकघरात आई आणि भाऊकाकांचं हळू आवाजात चाललेलं असतं. नाशकात आज घरोघरचे वीर, म्हणजे लढाईत पडलेले पूर्वज, वाजतगाजत गोदेवर आंघोळीला निघतात. देवघरातला, त्यांची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक हातात घेऊन त्यांना नाचवत न्यायचं. केतकीच्या घरचा, निमशांचा वीर रायाजी. त्याला बाबा न्यायचे. बाबा गेले, म्हणून गेल्या साली तो घरातच राहिला. यंदा मी नेणार, असं केतकीने सकाळीच ठणकावलंय. काकांचं म्हणणं, वीर पुरुषानेच न्यावा, मुलीबरोबर तो यायचा नाही.

ती पाणी प्यायला उठते. बिल्डिंगचा जिना वर वर जातो आणि काळ्या दगडाचा होतो. वर शाळेचं मैदान, भिंतीला तोफेने पाडलेलं खिंडार. खिंडारात एक जण बसलाय. मिशी जेमतेम फुटलेली, बारावीतल्या पोरांसारखी. केतकी आजोबा म्हणणार असते, ते तोंडातच राहतं.

“निमशांची ना तू? नाक बापाचं आहे.”

मग तो सांगतो, गडावरची सगळी माणसं, बायकापोरंसुद्धा, चोरवाटेने उतरेपर्यंत त्याने हे खिंडार एकट्याने धरलं. शेवटची मशाल झाडीत शिरेस्तोवर तलवार खाली आली नाही. फुशारकी तो मारत नाही. ती केतकीच मारते, वर्गात ही गोष्ट आपण कसं तिखटमीठ लावून सांगतो त्याची. तो खुदकन हसतो.

“आणि तुम्हाला खाली कुणी आणलं?”

“आणणारं उरलं होतं कोण?” तो दरीत बघतो. तिथे धुरात गोदेचा घाट दिसतोय. “वर्षातून एकदा तुझा बाप उचलायचा, तेवढंच घर दिसायचं. गेल्या साली इथेच बसून वाट पाहिली.”

वाट केतकीही पाहते, बाबांची. खाली स्कूटर थांबली की रोज.

“मी उचललं तर याल?”

“जड आहे मी, पोरी.”

“बास्केटबॉलची कॅप्टन आहे मी. उठा.”

तो हात पुढे करतो, तोफेच्या दारूने काळा झालेला. ती सगळ्या अंगाचा जोर लावून ओढते.

जाग येते तेव्हा ताशा दाराशी आलाय. केतकीचा उजवा तळवा काळाकुट्ट, त्याला गंधकाचा वास. ती तो धुवायला जात नाही. तशीच देवघरापाशी जाते आणि तळवा काकांपुढे पसरते.

“द्या, काका. वाट बघतायत ते.”

काका तळव्याकडे बघत राहतात. लाल फडक्यातला टाक उचलतात आणि तिच्या त्याच हातावर ठेवतात.