थरथरीचा रकाना

भावोजींना दुकानात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना ‘काटा’ म्हणतात आणि तेही ओ देतात. तोलायचा काटा. आमचं दुकान अवजारं विकतं आणि भाड्यानेही देतं. नवीन यंत्र आलं की आधी ते मागच्या शेडमध्ये भावोजींच्या हातात जातं, त्यांनी मान डोलावली तरच पुढे फळीवर येतं. आधी ते नळजोडणीच्या कामावर होते. तेव्हा खिशातला स्क्रू नुसता चाचपून कितीचा आहे ते सांगायचे, आणि पैजा जिंकायचे. मी त्यांचा सख्खा मेहुणा, पुढच्या काउंटरवर असतो. नोकरी त्यांनीच लावली, त्यामुळे त्यांच्यापुढे माझं तोंड बंद असतं असं लोकांना वाटतं. घरी विचारा. सोळा वर्षं मी त्यांना टोमणे मारत आलोय. फक्त जिथे बोलायला हवं होतं तिथे गप्प बसलो.

त्यांचा जीव बॅटरीवरच्या करवतींवर. ही करवत म्हणजे बंदुकीसारखी मूठ आणि पुढे वीतभर पातं. खटका दाबला की पातं पुढेमागे सटासट धावतं. पाडकामवाले, नळवाले, झाडं तोडणारे, सगळ्यांना ती लागते, आणि प्रत्येक जण येऊन एकच विचारतो, “यातली ताकदीची कुठली?” भावोजी त्यावर उखडतात. “ताकद बैलालाही असते. काम किती होतं ते विचारा.”

ते कळावं म्हणून त्यांनी शेडच्या भिंतीवर पुठ्ठ्याचा तक्ता लावलाय. चार रकाने: दोन इंची पाईप किती सेकंदांत तुटला, खिळे ठोकलेल्या वाशात पातं अडकलं का, एका चार्जमध्ये किती काप निघाले, आणि थरथर. पहिल्या तिन्हींना घड्याळ आणि डोळे पुरतात. चौथ्याला त्यांचा हात. दहापैकी आकडा, जितका मोठा तितकं यंत्र हाताला वाईट. प्रत्येक यंत्राला कोरं पातं, भरलेली बॅटरी, आणि हातमोजे अजिबात नाहीत. मी एकदा मोजे पुढे केले तर म्हणाले, “वैद्य मोजे घालून नाडी बघतो का रे?” या वाक्यावर आम्ही सगळे खूश होतो. मी ते गिऱ्हाइकांनाही ऐकवायचो.

दीड वर्षापूर्वी तीन करवती एकदम आल्या. निळी, पिवळी आणि लाल. निळीने पाईपला चौदा सेकंद घेतले, पिवळीने अकरा, लालने आठ. चार्जवर पिवळी पुढे होती, बेचाळीस काप, लालचे एकतीसच. पण वाशात निळी दोनदा अडकली, पिवळी एकदा, आणि लाल मात्र खिळे नसल्यासारखी आरपार गेली. भावोजी तोंडभर हसले आणि तिच्या चौथ्या रकान्यात लिहिलं: दोन.

“मऊ आहे,” म्हणाले. “सायीसारखी.”

मग मीही हौसेने लालवर दोन पाईप कापले. खटका सोडला तेव्हा बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि कोपरापर्यंत हात आपला नसल्यासारखा झाला होता. मला वाटलं, आपले हात काउंटरवरचे, पावत्या फाडणारे. काट्याला शहाणपण कोण शिकवणार? मी चहा प्यायला निघून गेलो. त्याच आठवड्यात पाडकामाचा मुकादम आला. त्याने तक्त्यावरचा ‘आठ’ बघितला, ‘दोन’ बघितला आणि आपल्या आठ माणसांसाठी आठ लाल करवती घेऊन गेला.

मला पहिल्यांदा धास्ती वाटली ती गेल्या आठवड्यात, ताईच्या स्वयंपाकघरात. भावोजींनी बोलता बोलता उकळत्या दुधावरचं झाकण नुसत्या बोटांनी उचललं आणि सावकाश बाजूला ठेवलं. चिमटा शेजारीच होता. ते बाहेर गेल्यावर ताई म्हणाली, “बघितलंस? मागे फोड आला, तर मलाच विचारतायत, हा कधी आला म्हणून.”

“तू काही बोलली नाहीस?”

“बोलले की. म्हणे, कष्टाचे हात आहेत, निबर होणारच. गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडतात रे. मला बघवत नाही.”

दुसऱ्या दिवशी भावोजी यायच्या आधी मी शेडमध्ये गेलो आणि तक्ता पहिल्यांदाच उभा वाचला. एरवी आपण आडवा वाचतो, एकेक यंत्र बघतो. उभा वाचला तर चौथा रकाना जिना उतरावा तसा उतरत होता. आठ, नऊ, सात. मग सहा, पाच, चार. गेल्या दोन वर्षांत एकही यंत्र तीनच्या वर नव्हतं. भावोजी म्हणायचे, कंपन्या आता सुधारल्या. एवढ्या सगळ्या कंपन्या, एकाच वेगाने सुधारल्या?

मग मी जे केलं ते चांगलं नव्हतं, पण दुसरं काही सुचेना. माळ्यावर एक जुनी करवत पडली होती, तक्त्यावरच्या दुसऱ्या ओळीतली. तिच्यापुढे भावोजींनी स्वतः लिहिलं होतं: थरथर नऊ, माणसाला देऊ नये. तिच्या बॅटरीत मी नवे सेल भरून आणले, तिला काळा रंग मारला आणि “नमुना आलाय” म्हणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी पाईप पकडीत आवळला, खटका दाबला. बाकावरचा खिळ्यांचा डबा नाचत नाचत कडेला आला आणि खाली पडला. त्यांच्या दंडाचं मांस हलताना मला दिसत होतं. त्यांनी दुसरा पाईप कापला, क्षणभर डोळे मिटून विचार केला आणि पेन्सिल उचलली.

“वेळ खाते,” म्हणाले. “पण मऊ आहे. तीन.”

मला संताप आला, त्यांचा की माझा ते कळलं नाही. “भावोजी, ही दुसऱ्या ओळीतली आहे.”

“कुठली दुसरी?”

“नऊ. माणसाला देऊ नये.” मी नखाने रंग खरवडून दाखवला.

मेहुण्याने चेष्टा केली की हसतात तसे ते आधी हसले. मग तक्त्यापाशी गेले. त्यांचं बोट चौथ्या रकान्यावरून खाली खाली येत गेलं आणि लाल करवतीच्या ‘दोन’पाशी थांबलं.

“ही तूही चालवली होतीस ना?”

“हो.”

“किती वाटली?”

“आठ. नऊसुद्धा असेल.”

“आणि बोलला नाहीस.”

“तुम्हाला कोण बोलणार?”

त्यांनी मला एक शिवी हासडली. सोळा वर्षांत पहिलीच, आणि ती मला पुरती लागू होती.

मग मुकादमाला फोन लाव म्हणाले. ते स्वतः का लावत नाहीत हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पलीकडून मुकादमाने काही ऐकूनच घेतलं नाही. “दुपारी येतोच आहे, आणखी चार लाल काढून ठेवा,” म्हणाला आणि फोन ठेवला.

तो आला तोच हसत. “काटेराव, मानलं बुवा तुम्हाला! दोन इमारती मुदतीआधी झोपवल्या.”

“माणसं काय म्हणतात?” भावोजींनी विचारलं.

“काय म्हणणार? सुरुवातीला सारखे हात झटकायची, बोटं झोंबतात म्हणायची. मी म्हटलं, काट्याने दोन दिलेत, तुमचेच हात नाजूक. गेल्या सात-आठ महिन्यांत एकाचीही तक्रार नाही. सवय झाली.”

भावोजींनी काउंटरची कड धरली. किती गच्च धरली आहे ते त्यांना कळत होतं की नाही, देव जाणे.

“माझा आकडा चुकला,” ते म्हणाले. “ते दोन नाहीत, नऊ आहेत. या थरथरीनेच माझे हात मेलेत, म्हणून मला ती मऊ लागली. सगळ्या करवती आजच परत आणा.”

“अहो, चालू काम आहे. मधेच काय...”

“माणसांना डॉक्टरकडे न्या, उद्याच्या उद्या. आणि आज एवढं करा, एकेकाला उभं करून शर्टाचं गळ्याचं बटण लावायला सांगा. न बघता. माझी सुरुवात तिथूनच झाली होती. मला वाटलं, वय झालं.”

मुकादमाला अजून ही थट्टाच वाटत होती. “आणि बटणं कुठून आणू? आता सगळे डोक्यातून घालायचे टी-शर्टच घालून येतात. शर्ट केव्हाच सोडले, आठही जणांनी. म्हणतात, सकाळी बटणांत फार वेळ जातो.”