हळद लागलेला नवरदेव आणि गायब सेल

ती फिर्याद आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग अंगावर काटा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी बोईसर भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. हळद लागल्यावर नवऱ्या मुलाने घराबाहेर पडायचं नसतं, पण बेटेगावचा एक नवरदेव पिवळ्याधमक अंगानेच ठाण्यात हजर! हळदीच्या वेळी काढून ठेवलेलं, सासऱ्याने दिलेलं गाणं वाजवणारं घड्याळ चोरीला गेलं होतं. संशय मांडववाल्यावर.

"साहेब, उद्या लगीन हाय. रिकाम्या मनगटानं उभा राहू काय?"

ठाणे अंमलदार तोंडावर रुमाल धरून फिर्याद लिहीत होते.

मांडववाल्याला बोलावलं. चोर शपथा फार घेतो, असा माझा अनुभव. हा गडी शपथ घेईना, उलट माझ्यावरच उखडला. "मी कशाला घेऊ घड्याळ? नवऱ्याच्या भाचीच्या हातात बघितलं मी. कणगीमागं खेळत व्हती."

जीप काढली. भाताच्या कणगीमागे घड्याळ पडलेलं होतं. घरात हशा पिकला.

"गावलं, साहेब. सोडा आता," नवरदेव म्हणाला.

पण पंचांसमोर वस्तू उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय मी पंचनाम्यावर सही करत नसे. या खोडीपायी सगळं ठाणं मला वैतागलेलं असे. घड्याळाचं मागचं झाकण निघालं होतं आणि आतला पावलीएवढा चपटा सेल गायब होता.

"सेल कुठाय?"

"दुसरा घालू की, साहेब."

मी भाचीकडे पाहिलं. दोन वर्षांची पोर आईच्या खांद्यावर पडली होती, तोंडातून लाळ गळत होती.

"मघापासून घोटसुद्धा गिळत नाय. दृष्ट लागली," आई म्हणाली आणि केळ्याचा तुकडा तिच्या तोंडाशी नेऊ लागली.

"थांबा!" मी असा ओरडलो की हवालदारही दचकला.

बोईसरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. अन्ननलिकेत गोल चकती! "खायला देऊ नका, उलटीही करवू नका. सेल आतून जाळत जातो. तडक मुंबई गाठा."

नवरदेवही जीपमध्ये चढला. मनोरच्या नाक्यावर गर्दीत अडकलो, तर बघे म्हणतात, "अरे, हळदीतनंच उचलला ह्याला!" रडता रडता तो बिचारा हसला.

मुंबईत दुर्बिणीने सेल काढला. जखम होती, पण भरून येण्यासारखी. आई माझ्या पाया पडली तेव्हा मीही रडलो. त्यात लाजायचं काय?

मुद्देमाल मिळाला म्हणून तपास संपत नाही, हे मी तिथे शिकलो. आम्ही सगळे चोराच्या मागे होतो आणि आजारी लेकरू समोरच होतं. घरातले चपटे सेल, छोटी लोहचुंबकं पोरांच्या हाती लागू देऊ नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी दवाखाना गाठा.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि जोडपं मुंडावळ्यांसकट वॉर्डात आलं. मी विचारपूस करायला तिथेच होतो. मामाने भाचीला उचललं. तिने मुंडावळी खेचली, एक मोती निसटून तिच्या हातात आला, आणि हात निघाला थेट तोंडाकडे. "अगं ये!" आई, नवरी, नर्स आणि मी, सगळे एकदम झेपावलो. पोरगी खुदकन हसली. मोती मी जागच्या जागी जप्त केला.