मर्व्ह ट्रेम्बाथला घरी जायचं होतं

नोला ट्रेम्बाथनं कॅम्पर गाडी पेट्रोल पंपाशी उभी केली, तेव्हा सकाळची उन्हं नुकती कुठे तांबड्या मातीवर पसरत होती. शेजारच्या सीटवर मर्व्ह टोपी मांडीवर घेऊन ताठ बसला होता, पहिल्यांदाच सासुरवाडीला निघालेल्या जावयासारखा.

"बाई, तुमचे फार उपकार," तो म्हणाला. सकाळपासून कितव्यांदा तरी. "मला घरी सोडताय. आजकाल कोण करतं कुणासाठी एवढं?"

गेल्या नाताळापासून तो बायकोला ओळखत नव्हता. उभ्या संसारात ज्यानं तिला 'ए नोल' याखेरीज हाक मारली नव्हती, तो आता तिला अहो-जाहो करत होता. शिव्या दिल्या असत्या तर तिनं सोसल्या असत्या. हा आदर सोसवत नव्हता.

पंपाच्या दुकानातल्या डॉटनं खिम्याच्या दोन गरम पॅटिस कागदात बांधल्या, वर लाल सॉस ओतला.

"कुठं निघाली राजाराणीची स्वारी?"

"जेसप्स रीफला. जुन्या घरी."

"डोकं फिरलं का तुझं? खाण बंद झाली आणि लाकडी घरंसुद्धा ट्रकवर चढवून नेली की लोकांनी! तुमचं तर कुणा मेंढरंवाल्यानं नेलं. आता तिथं सिमेंटचे चौथरे आणि साप. बस्स."

"सोमवारी त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचंय, डॉट. माझ्यानं आता त्याचं सगळं होत नाही. दिवसभर एकच घोशा, घरी ने, घरी ने. एकदा नेऊन आणते." नोलानं पॅटिस उचलल्या, पण पाय निघेना. "आणि तिथं मला ओळखेलही कदाचित. एकदाच ओळखू दे. मग खुशाल विसरू दे."

"ओळखलं तर जुनी भांडणंही आठवतील हं त्याला!"

"आठवू देत. भांडायला तरी हक्काचं माणूस मिळेल."

डॉट हसली आणि पैसे घ्यायचं विसरली. निदान तिनं तसं दाखवलं.

पुढचा रस्ता कच्चा. गाडीतली भांडी खडखडत होती, खिडकीच्या फटींतून धूळ आत येत होती. मधूनच खनिज वाहणारा आगगाडीएवढा लांब ट्रक समोरून येई. त्याचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रामराम करी, आणि मर्व्हचं बोटही आपसूक वर जाई. बोटाला सगळं आठवत होतं.

दुपार कलताना जेसप्स रीफ आलं. आलं म्हणायचं ते सवयीनं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसत्या चौथऱ्यांच्या ओळी, गंजलेली पाण्याची टाकी, एखाददुसरं वाळकं झाड. आपला चौथरा कोणता, हे नोलालाही कळेना. मर्व्ह मात्र खाली उतरला आणि काठी टेकत सरळ चालू लागला. एका चौथऱ्याला वळसा घालून तो मागच्या अंगाला गेला. बूट पुसले. नसलेलं दार ढकललं. आत शिरला, डावीकडे वळला, नसलेल्या भिंतीला खेटून चालत स्वयंपाकघरात पोचला. एकही भिंत त्यानं ओलांडली नाही. थिएटर जळून गेलं तरी जुन्या नटाला आपला प्रवेश कुठून आणि विंगेत कुठून जायचं हे पाठ असावं, तसं.

त्याला घर आठवलं, मग आपणही आठवू, असं नोलाला वाटलं. चहाचा थर्मास छातीशी धरून ती रस्त्याकडूनच लगबगीनं चौथऱ्यावर चढली.

मर्व्ह वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"पुढच्या दारानं?"

नोला जागीच थिजली. जेसप्स रीफमध्ये येणारा-जाणारा मागच्या दारानं यायचा. पुढचं दार वाजवायचा तो एकच माणूस, खाणीचा साहेब. हातात हॅट घेऊन. खाली खाणीत कुणी दगावलं, तरच. ट्रेम्बाथांचं दारही त्यानं एकदा वाजवलं होतं, त्यांच्या मुलासाठी, डॅरिलसाठी. घरच राहिलं नव्हतं, म्हणून रीतही तिच्या डोक्यातून गेली होती.

"कोण गेलं?" मर्व्हचा आवाज फाटला. "आमचा डॅरिल पहिल्या पाळीला खाली गेलाय. सांगा बाई. डॅरिल का?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. त्या दिवशी याच फरशीवर दोघं एकमेकांना धरून रात्र होईस्तोवर बसली होती. त्या दुःखात नोला होती. तो तिथवर गेला असता, तर त्याला ती सापडली असती. एवढ्याचसाठी तर ती सकाळपासून गाडी हाकत आली होती.

मर्व्हनं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"कुणी नाही गेलं," नोला म्हणाली. "मीच चुकले. नवीन आहे ना मी इथं. वाटीभर साखर मागायला आले होते."

"आणि डॅरिल?"

"आत्ताच दिसला. शीळ घालत चालला होता."

मर्व्ह मटकन खाली बसला, मग हसायला लागला. "अहो, जीव गेला असता की माझा! मागून यायचं. पुन्हा पुढच्या दाराला हात लावू नका."

नोला खाली उतरली. सबंध चौथऱ्याला वळसा घालून मागच्या बाजूनं आत आली.

"हां, आता कसं! बसा. साखर कुठं ठेवते नोल, देवच जाणे. येईलच ती इतक्यात."

फरशीवर बसून दोघांनी थर्मासमधला चहा घेतला. मर्व्ह नोलविषयी सांगत राहिला. भारी हट्टी. कपडे वाळत घालताना गाणी म्हणते, आणि आवाज असा की झाडावरचे काकाकुवे उठून दुसऱ्या गल्लीत जातात. "पण गाणं थांबलं ना, की मला करमत नाही," तो हळूच म्हणाला. "तिला सांगू नका हं. शेफारेल."

"नाही सांगत," नोला म्हणाली आणि तोंड फिरवून माश्या हाकलू लागली.

सावल्या लांबल्या. अंधारात त्या रस्त्यावर कांगारू आडवे येतात, निघायला हवं होतं.

"चला, मर्व्ह."

"छे! नोल आल्याशिवाय कसा येऊ?"

नोलानं थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. "तिनंच पाठवलंय मला. ती माझ्याकडे थांबलीय तुमच्यासाठी."

मर्व्ह लगेच उठला. खिशातून कंगवा काढून त्यानं उरलेले चार केस चापून बसवले, शर्टाची वरची गुंडी लावली, आणि बाहेर पडताना मागचं दार जपून ओढून घेतलं.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "लांब आहे का?"

"थोडं."

"उशीर झाला. रागावली असेल."

"नाही रागावली."

"तुम्हाला काय माहीत, बाई!" तो लाजत हसला.

नोलानं गाडी सुरू केली.