शुगरची गोळी

माझ्या मामींना आयुष्यात एकच आजार मनापासून आवडला: शुगर. आणि तो मामांना झालेलाच नव्हता.

मामांना झाला होता टीबी. शेती बुडत चाललेल्या त्या वर्षांत अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानात नवं कापड क्वचितच यायचं. टीबीचं नाव फुटलं असतं, तर जुन्या विजारीही कुणी दिल्या नसत्या. म्हणून घरात तो शब्द उच्चारायचा नाही, असा मामींचा हुकूम.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मामांना समजावून, त्यांची सही घेऊन टीबीच्या औषधांच्या जोडीला आणखी एक गोळी सुरू केली. मी अमरावतीहून मुद्दाम गेलो होतो. त्या म्हणाल्या, "टीबीचा जंतू आपल्याच पेशीच्या पोटात लपून बसतो. ही गोळी त्याला मारत नाही. पेशीलाच जागं करते, की आत शिरलाय त्याला तूच पचव. निदान आम्हाला तसं वाटतं, तेच तपासतोय. गोळी मात्र जुनीच, मधुमेहाची."

शेवटचा शब्द मामींनी वरच्यावर झेलला. "याईले शुगर निघाली!" त्यांनी गल्लीत जाहीर केलं, मामांना बढती मिळाल्यासारखं.

गल्लीचं प्रेम धावून आलं. कारल्याचा रस आला, मेथीदाणे आले. भात, गूळ, साखर गेली. समोरची काकू तर पाळतीवरच. "भाऊ, बिस्कीट नाई! शुगर हाये ना तुमाले?" मामींनी चोरून शिरा करून पाहिला, पण रवा भाजल्याचा वास सुटला आणि काकू दारात हजर.

मामा वाळत चालले. शिंप्याचीच विजार कमरेवर ठरेना.

डॉक्टरीणबाई वजनकाट्याकडे बघत राहिल्या. "वाढायला हवं, तर घटतंय. औषधं लागू पडत नाहीत की ही गोळी झेपत नाही? असंच चाललं तर माणूस हाती लागणार नाही. घरी नीट खातात ना?"

"हो तं," मामी म्हणाल्या. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

"मामी, गल्लीला खरं सांगून टाका," बाहेर आल्यावर मी म्हणालो.

"अन् दुकान कोन चालवन? तू?"

त्याच आठवड्यात काकूच्या नातवाचं बारसं होतं. पंगतीत मामांच्या पानात पुरणपोळी पडली आणि काकूनं ती मायेनं उचलली. मामांचा हात हवेतच राहिला. मामींनी तो पाहिला.

"ठेव ते!" मामी कडाडल्या. "शुगर नाई याईले. टीबी हाये! खाऊ दे!"

दोन बाया पोरांना घेऊन उठल्या. आता यांच्यापासून भीती नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय, असं मी हातवारे करून सांगत होतो; ऐकतो कोण? सगळे काकूकडे बघत होते. घर तिचं, बाळ तिचं.

"मंग इतके दिवस माह्या हातानं उपाशी मारलं का याईले?" काकूचा आवाज फाटला. तिनं पोळी पानात परत टाकली, वर तुपाची वाटी उपडी केली. "खा भाऊ. तुमच्या बायकोले मी मंग पाहीन."

दुसऱ्या दिवशी काही गिऱ्हाइकं आपलं कापड परत घेऊन गेली. मामींनी ते घडी घालून दिलं.

पुढच्या तपासणीला काटा वर सरकला. डॉक्टरीणबाई हरखल्या. "नेमकं काय बदललं?"

"तूप," मामी म्हणाल्या, आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मामी, आता गोळीचा गुण किती अन् तुपाचा किती, हे मी कसं ठरवू?"