माझ्या नावाचा खिळा

दारात ट्रॅक्टर आला की महमूद शेख मालकाकडे बघायचाच नाही. आधी तासांचं मीटर वाचायचा. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. हे सगळं झालं की मगच मालकाला विचारायचा, "हां, काय म्हनता?" सरपंच असो नाहीतर आमदाराचा मेहुणा, हा क्रम कधी बदलला नाही. मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, तालुक्यात चार लोक मला गुरुजी म्हणून मान देतात, पण महमूदच्या दुकानात माझा नंबर इंजिनानंतरच. याचा मला राग यायचा. तसा मला राग कशाचाही येतो, माझ्या बायकोला, जयमालाला विचारा.

महमूदचे वडील नालबंद. पारनेरच्या बाजाराला बैल आणले की लोक त्यांच्याकडून नाल ठोकून घेत. बैल कमी होत गेले तसा महमूद नगरच्या एका गॅरेजात काम शिकला आणि आमच्या फाट्यावर त्याने पत्र्याचं दुकान टाकलं. आठ वर्षांपूर्वी एका कंपनीने त्याला सबडीलर केलं. दारात विकायला दोन नवे ट्रॅक्टर उभे राहिले आणि वर मोठी पाटी लागली. पण दुकानातली बघण्यासारखी गोष्ट आतल्या भिंतीवर होती. वडिलांच्या पेटीत उरलेले नालाचे खिळे त्याने तिथे ओळीने ठोकले होते आणि प्रत्येक खिळ्याला एक कापडी पिशवी, तिच्यावर निळ्या शाईत मालकाचं नाव. त्याने विकलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरची अशी एक पिशवी. आत फिल्टर, पट्टा, क्लचची वायर आणि त्या मॉडेलला जे दुखणं हमखास होतं, त्याचं औषध. ऐन हंगामात कुणाला सुट्या भागासाठी नगरला पळावं लागू नये म्हणून. ज्याचं वापरलं जाईल त्याने पैसे द्यायचे, तोवर माल भिंतीवर.

"एवढं सामान अडकवून ठेवतोस, परवडतं का?" मी एकदा विचारलं.

"कुनाचं मशीन वावरात उभं ऱ्हायलं की मला झोप येत न्हाई गुरुजी. झोपेचं भाडं समजा," तो म्हणाला.

मी रिटायर झालो आणि वडिलांच्या नऊ एकरांत उतरलो, तेव्हा ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं. गेल्या वर्षीची गोष्ट. महमूदने फेब्रुवारीत दारातला एक ट्रॅक्टर तीन दिवस माझ्या वावरात सोडला. स्वतः बसून रोटाव्हेटर मारून माती भुसभुशीत करून दाखवली. जयमालाला स्टिअरिंगवर बसवलं आणि मी बांधावरून "अगं उतर, पडशील" असं ओरडत असताना तिला चालवायलाही शिकवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ह्या मॉडेलचं एक दुखनं हाय. पैल्या हंगामात हायड्रॉलिकचं सील जातं, रोटाव्हेटर वर उचलायचा बंद हुतो. भ्यायचं न्हाई. सील माझ्याकडं असंल, दीड तासाचं काम."

विकायला आणलेल्या मालाचं दुखणं आधी सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या दुकानात बसून, मुबारकबीने, म्हणजे त्याच्या बायकोने, केलेला चहा पिता पिता मी शब्द दिला, "पाडव्याला तुझ्याच दारातून नेणार." गावातले आणखी चौघे घेणार होते. ते म्हणाले, गुरुजी घेतील तिथून आम्ही. महमूदने पाचही नावं लिहून घेतली.

मग माझा पुतण्या कल्याण, त्या चौघांतलाच एक, नगरच्या मोठ्या शोरूमचा कागद घेऊन आला. अहिल्यानगर म्हणायला हवं आता, पण तोंडातून अजून नगरच निघतं. कंपनी तीच, मॉडेल तेच, रंगसुद्धा तोच. पाच जणांनी एकदम घेतले तर प्रत्येकी पस्तीस हजार कमी. मी चौघांना ओसरीवर बसवलं आणि वर्गात शिकवावं तसा हिशेब मांडला. गावाचे पावणेदोन लाख वाचवले म्हणून माझी छाती फुगली होती. त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला, "पन म्हमूदभाईला काय सांगायचं?"

"ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो. "मी सांगतो."

जयमाला आतून म्हणाली, "आधी सांगून या, मग सही करा." मी आधी सही केली.

सांगायला मी दोनदा निघालो, हे खरं आहे. पण तो म्हणेल, थांबा गुरुजी, मी काहीतरी कमी करतो. मग मला नाही म्हणावं लागेल. मुबारकबी चहा घेऊन येईल. हे सगळं डोळ्यांपुढे आलं की पाय मागे यायचे. पंधरा दिवस मी फाट्यावरून गेलोच नाही. पारनेरला जायचं तर ओढ्याच्या वाटेने, दगडगोट्यांतून, अडीच किलोमीटर जास्त. पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा माणूस मोटरसायकलवर डोक्याला उपरणं गुंडाळून चोरासारखा ओढ्यातून जात होता.

पाडव्याला सकाळी आम्ही पाच नवे ट्रॅक्टर नगरहून चालवत आणले. सगळ्यांत पुढे माझा. नगरहून गावात यायला रस्ता एकच आणि तो महमूदच्या दारावरून. ओढ्याच्या वाटेवर पाच ट्रॅक्टर घातले असते तर बाकीच्यांनी कारण विचारलं असतं. फाटा दिसायला लागला तसा मी वेग कमी केला.

महमूद दारात उभा होता. पांढरा सदरा घातलेला. मागे दारातले ट्रॅक्टर धुऊन-पुसून ठेवलेले. मुबारकबीच्या हातात पाटी होती आणि पाटीत झेंडूचे हार आणि नारळ. हार पाच होते. मी मोजले. आम्ही गावाकडून येऊ म्हणून तो गावाच्या दिशेने बघत होता, आणि आवाज आला पाठीमागून.

तो वळला. पाचही ट्रॅक्टरवरून त्याची नजर एकदा फिरली. मग त्याने हात वर केला. मी थांबलो. मला वाटलं, आता बोलेल, चारचौघांत काढेल माझी. बोलला असता तर बरं झालं असतं. तो जवळ आला, सवयीने आधी मीटर वाचलं आणि मग पाटीतला एक हार उचलून माझ्या बॉनेटवर घातला.

"पन्नास तासाला ऑईल बदला गुरुजी. इसरू नका."

"महमूदभाई, ते काय झालं..."

"म्हागं गाड्या अडल्यात. काढा म्होरं."

आरशात मला दिसत होतं. त्याने उरलेले चारही हार चारही ट्रॅक्टरना घातले.

त्याच्या एजन्सीला मार्चअखेर अकरा ट्रॅक्टर विकून दाखवायचे होते, हे मला मे महिन्यात कळलं. त्याचे सहा झाले होते. आमचे पाच धरून तो निर्धास्त होता. कंपनीची माणसं येऊन पाटी काढून घेऊन गेली, दारातले ट्रॅक्टर घेऊन गेली. पावसाळ्यात दुकानाचं शटर बंद झालं. तो कुठेतरी नोकरीला लागला असं ऐकलं. कुठे, ते मी विचारलं नाही. विचारायला भीती वाटली, असंच म्हणायला हवं. मी ओढ्याच्याच वाटेने जात राहिलो. आता तर दुकान बंद होतं, तरीही.

डिसेंबरात कांद्याची लागवड आली. लंकाबाईची बारा बायकांची टोळी ठरवली होती. रोप उपटून, जुड्या बांधून बांधावर ठेवलेलं. अर्धं वावर झालं आणि रोटाव्हेटर जमिनीत बसला तो वर उचलेना. हायड्रॉलिकचं सील. महमूदने सांगितलं होतं तसंच, पहिल्याच हंगामात.

शोरूमला फोन केला. एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "सर, आपली तक्रार नोंदवली आहे, अठ्ठेचाळीस तासांत आपल्याशी संपर्क साधला जाईल." पारनेरातला मेकॅनिक हात लावेना. वॉरंटीतलं मशीन, खोललं तर वॉरंटी जाते. ट्रॅक्टर वावराच्या मधोमध उभा, आणि बांधावर रोप माना टाकायला लागलेलं.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमी किती बसायचं गुरुजी? दुसऱ्याचं काम धरते मी. म्हमूदभाई फाट्यावर हुता तवा असं कवा झालं न्हवतं." हे तिने मला टोमणा म्हणून नव्हे, सहज म्हटलं. तिला काय माहीत की फाट्यावरचा महमूदभाई कुणी घालवला. टोळी गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बांधाशी एक मोटरसायकल थांबली. निळा शर्ट, खिशावर शोरूमचं नाव. त्या माणसाने हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे न बघता सरळ ट्रॅक्टरपाशी जाऊन मीटर वाचलं.

"दोनशे बारा तास. हां गुरुजी, काय म्हनता?" महमूद म्हणाला.

त्याचं घर माझ्या वावरापासून दोन किलोमीटरवर. पण सकाळी नगरला जाऊन हजेरी लावायची, तिथून काम घ्यायचं आणि मग निघायचं. म्हणजे चाळीस किलोमीटर जाऊन तो चाळीस किलोमीटर परत माझ्याकडे आला होता. त्याने मशीन तपासलं, हात पुसले आणि म्हणाला, "सील गेलं. शोरूमला स्टॉक न्हाई. पुन्याहून यायला आठ दिस."

मी बांधावर बसलो. त्याने रोपाची एक जुडी उचलून बघितली. मग "आलोच" म्हणून गाडीला किक मारून गेला आणि पंधरा मिनिटांत परत आला. हातात कापडी पिशवी होती. पिशवीवर निळ्या शाईत 'गुरुजी'.

खिळ्यावरची पिशवी. माझ्या नावाचा खिळाही त्याने ठोकला होता तर. शब्द दिला त्याच आठवड्यात.

दीड तास लागला. जयमाला चहा घेऊन आली आणि कप ठेवून गेली. तिला बोलायचं होतं ते मलाच होतं आणि ते तिने नऊ महिन्यांपूर्वी सांगून झालं होतं. रोटाव्हेटर वर उचलला गेला तेव्हा मला धड आनंदही होईना.

"महमूदभाई, चुकलं माझं," मी म्हणालो.

तो पाने पुसून पेटीत ठेवत होता. "स्वस्त मिळालं तिथनं घेतलं, त्यात काय चुकलं? मीबी मोबाईल ऑनलाईन घेतला. त्याच्याआधी पारनेरच्या दुकानात धा वेळा हातात धरून बघितला हुता." तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "पन सांगायचं हुतं. पंधरा दिस हुते की. पाच पिशव्या भरल्या नसत्या मी, दुसरी गिऱ्हाइकं बघितली असती. हारबी आनले नसते."

"तुला सांगायला तोंड नव्हतं रे."

"तोंड हुतं गुरुजी. तुमी वाट बदलली. ओढ्याकडनं जाताना मुबारकबीनं बघितलं हुतं तुमाला. मी म्हनलं, गुरुजी न्हवं, दुसरं कुनी असंल."

मी पैशांसाठी खिशात हात घातला तर त्याने मानेनेच नाही म्हटलं. सील शोरूमचं नव्हतं, त्याची पावती फाडता येत नव्हती. आणि ज्या दुकानाचं होतं ते दुकान राहिलं नव्हतं. एवढ्यात माझा मोबाईल वाजला.

"ओटीपी आला असंल. सांगा," तो म्हणाला. "त्याच्याबिगर काम पुरं झालं असं धरत न्हाईत."

मी चार आकडे वाचून दाखवले. त्याने ते आपल्या मोबाईलवर टाकले, हेल्मेट घातलं आणि गाडीला अडकवलेल्या थैलीतून आणखी चार पिशव्या काढून माझ्या हातात दिल्या. "ह्या बाकीच्या चौघांच्या. त्यांचीबी सीलं जातील. घरात नुसत्या पडल्यात. तुमीच द्या."

लंकाबाईची टोळी चार दिवसांनी आली. निम्मं रोप फेकून द्यावं लागलं, पण लागवड झाली. पिशव्या मात्र कपाटातच राहिल्या. द्यायला जायचं तर त्या कुठून आल्या ते सांगावं लागणार, आणि तेवढं सांगितलं की पुढचंही सांगावं लागणार: महमूदला सांगतो असं मी तुम्हाला म्हटलं होतं आणि सांगितलं नव्हतं. त्या चौघांना अजून वाटतं की त्याला आधीच ठाऊक होतं आणि त्याने मोठ्या मनाने हार घातले. दीड महिना मी रोज कपाट उघडून बंद करतो आहे.

आज सकाळी कल्याणचा फोन आला. "काका, रोटाव्हेटर उचलंना. शोरूमवाली म्हनती अठ्ठेचाळीस तास. काय करू?"

"थांब," मी म्हणालो. "सील घेऊन येतो. आणि एक गोष्ट सांगायची आहे, ती आधी ऐकून घे."

जयमालाने कपाटातून त्याच्या नावाची पिशवी काढून दिली. कल्याणची वस्ती फाट्याच्या पलीकडे आहे. मोटरसायकल ओढ्याकडे वळायला लागली होती, इतकी तिला सवय झालेली. मी हँडल सरळ केलं आणि महमूदच्या बंद शटरसमोरून गेलो.